'समाधान': हिंदीतलं की आपलं?

तापीकाठची
आमच्या समाजाच्या मेळाव्याची स्मरणिका निघतेय. बऱ्हाणपूरकडच्या मंडळींचे हिंदी लेख मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका लेखात वाक्य आहे: 'कठिन समय में आस्था और परिवार ही सबसे बड़ा समाधान हैं।' मी सरळ लिहिलं, 'कठीण काळात श्रद्धा आणि कुटुंब हेच सर्वांत मोठं समाधान.' मुद्रितं सासरे तपासतात. त्यांनी लाल शाईने 'समाधान' खोडलं आणि वर 'उपाय' लिहिलं. हिंदीत समाधान म्हणजे तोडगा, हे त्यांचं म्हणणं मान्य. पण 'श्रद्धा आणि कुटुंब हाच सर्वांत मोठा उपाय' वाचलं की सर्दीवरच्या काढ्याची जाहिरात वाटते. शिवाय लेखक पुढे लिहितात की वादळात केळीची बाग गेली, कर्ज आहे तिथेच आहे, पण दिवेलागणीला लहानथोर सगळे हरिपाठाला बसतात. म्हणजे प्रश्न सुटलेला नाहीच! घरात ही माणसं मराठीच बोलतात, त्यामुळे त्यांच्या हिंदीतलं समाधान नेमकं कुठलं, कळत नाही. फोन केला तर म्हणाले, 'बेटा, जो ठीक लगे लिख दे.' आता बोला.

धुळ्याचे_मास्तर
सासऱ्यांची दुरुस्ती योग्य आहे. मराठीत समाधान मनाला होतं, समस्येला नाही. समस्येचं निराकरण होतं, पेचाची उकल होते, भांडणावर तोडगा निघतो. 'समस्येचे समाधान' हे वृत्तवाहिन्यांनी आणलेलं खूळ. इतके चांगले शब्द घरात असताना एकाच शब्दाला सगळीकडे राबवायचं, हा आळस आहे.

घाटावरचा_खान्देशी
मास्तर, मग 'शंकासमाधान' कुठल्या वाहिनीने आणलं? शास्त्रग्रंथांत आधी आक्षेप आणि मग त्याचं समाधान, अशीच मांडणी असते. तिथे समाधान म्हणजे उत्तरच. आणि 'आपला खुलासा समाधानकारक नसल्याने' हे वाक्य नोकरीत कुणाला आलं नसेल तर त्याने हात वर करावा. साहेबाच्या मनाची शांती ढळली, असा त्याचा अर्थ नसतो.

शेंदुर्णीवाली
शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचं 'समाधानकारक' विसरलात का? आमच्या घरी तो शेरा आला की त्या संध्याकाळी कुणाचंच समाधान नसायचं.

धुळ्याचे_मास्तर
शंकासमाधानात शंका फिटून मन स्थिर होतं, म्हणून समाधान. मूळ धातू 'धा', म्हणजे ठेवणे. सम् आणि आ हे उपसर्ग. नीट, एकवटून ठेवणे. समाधी त्याच धातूची. वेदान्तात साधकाची षट्कसंपत्ती सांगतात: शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान. तिथे समाधान म्हणजे चित्त एका जागी ठरणं, आणि ते बरोबर श्रद्धेच्या पुढे येतं. तुमच्या लेखकाला हेच म्हणायचं असणार.

तापीकाठची
मग सासरे चूक ना, मास्तर? आत्ता तर तुम्ही त्यांना बरोबर ठरवलंत.

केळीवाला_रावेर
लेखकाला काय म्हणायचंय ते मी सांगतो. माझीही बाग अशीच आडवी झाली होती. निसवण झालेली, घड भरत आलेले, आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्यात सगळी खोडं एका अंगाला. फळपीक विम्यासाठी अर्ज केला, नंतर तक्रार केली. एक दिवस कागद आला: 'अर्जदाराचे समाधान झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' माझं समाधान झाल्याचं मला त्या कागदावरून कळलं! तेव्हापासून हा शब्द दिसला की डोकं फिरतं. गरिबाला गप्प बसवायचं असलं की समाधान.

बाकी घरचं म्हणाल तर खरं आहे. त्या रात्री कुणी जेवलं नव्हतं. आई उठली, भाकरी टाकल्या, कळण्याची होती की ज्वारीची आठवत नाही, आणि प्रत्येकाच्या ताटात वाढून म्हणाली, 'वाऱ्याने बाग नेली, तोंड नाही नेलं.' त्याला समाधान म्हणा नाहीतर काही म्हणा. पैसे नाही आले त्याने. पण सकाळी खोडं तोडायला आम्ही सगळे भाऊ मात्र बरोबर होतो.

हभप_नाही_पण
'ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान ॥' तुकोबांनी निकाल दिलेला आहे. चर्चा संपली.

केळीवाला_रावेर
भाऊ, राग मानू नका, पण हा अभंग मला नेहमी ज्यांची विहीर भरलेली आहे तेच ऐकवतात.

घाटावरचा_खान्देशी
त्यात तुकोबांचा काय दोष? १६३०च्या दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं, आणि 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्या माणसाने 'समाधान' म्हटलं तर ते पोट भरून दिलेल्या ढेकरेतून नाही. मी फारसा देवभोळा नाही, तरी एवढं कबूल करतो.

अमळनेरचा_भाचा
मला आजोबांनी वेगळीच फोड सांगितली होती. सम + धान. भावाभावांच्या वाटणीत धान्याचं माप सगळ्यांना सारखं पडलं की समाधान. मला तरी हीच पटते. भाऊबंदकी बघितलेल्या माणसालाच सुचेल अशी!

धुळ्याचे_मास्तर
मधला 'आ' कुठे गेला?

अमळनेरचा_भाचा
तो थोरल्या भावाने ठेवून घेतला.

शहाद्याची_सून
अहो, आपल्याकडे समाधान हे माणसाचं नाव आहे हे कुणी बोलतच नाही. खान्देशात एकही गाव दाखवा जिथे समाधान नाही. माझा चुलत दीर समाधान. कापूस भावासाठी घरात भरून ठेवला होता, त्यातल्या किड्यांनी सगळ्यांना खाज सुटली, भाव काही चढला नाही, आणि सासूबाई दारातून हाक मारायच्या, 'समाधान, काय करी राह्यना रे?' आतून उत्तर, 'खाजी राह्यनू!' लग्नानंतर पुण्याच्या मैत्रिणीला हे नाव सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

शेंदुर्णीवाली
अहिराणीत या भावनेला 'समाधान' म्हणतात तरी का? आमची आजी 'जीवले बरं वाटनं' एवढंच म्हणायची. ताई, तेच लिहा: 'कठीण काळात श्रद्धा आणि कुटुंब यांनीच जिवाला बरं वाटतं.'

धुळ्याचे_मास्तर
स्मरणिका आहे, ओटा नाही. प्रमाणभाषेत 'आधार' लिहा. अर्थ शाबूत राहतो आणि वादही नाही.

घाटावरचा_खान्देशी
शुद्ध मराठीवाले अडले की दुसराच शब्द पुढे करतात. 'आधार' लिहिलं तर लेखकाने जे लिहिलं ते कुठे राहिलं? समाधानच ठेवा. ज्याला तोडगा वाचायचा तो तोडगा वाचेल.

शहाद्याची_सून
मला विचाराल तर या वाक्याचा अर्थ कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, रविवारी कळतो. नागपंचमीनंतरचा श्रावणातला रविवार. सुरतेला, नाशिकला गेलेले सगळे भाऊ गाडी पकडून येतात. वर्षभर बांधावरून बोलणं बंद असलं तरी रोटाच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या, गव्हासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ काढतात, भांडलेल्याचीही. टाळेबंदीच्या साली सुरतचे दीर येऊ शकले नाहीत. सासूबाईंनी त्यांची मूठ काढलीच, आणि ते रोट सगळ्यांनी वाटून खाल्ले.

अमळनेरचा_भाचा
पुरुषांमागेच का? आमच्याकडे सुनाही धरतात. आणि लग्न झालेल्या आंडेरले (मुलीला) रोट चालस का नही, यावरून दरवर्षी आमच्याकडे महाभारत.

केळीवाला_रावेर
नाही चालत. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत.

शेंदुर्णीवाली
आमच्याकडे चालतात. माहेरी खाऊनच जायचं, बरोबर न्यायचे नाहीत.

तापीकाठची
मंडळी, सोमवारी छपाईला जातंय. उपाय, आधार की समाधान?

हभप_नाही_पण
रोटांबरोबर गंगाफळाची भाजी लागतेच, हे कुणी लिहिलं नाही.

घाटावरचा_खान्देशी
गंगाफळ म्हणजे डांगरच ना?

धुळ्याचे_मास्तर
नाही. यावर वेगळा धागा काढा.