घरीच गाडीचे टायर बदलाचे हाय, मॅन्युअल टायर चेंजर घेऊ का पट्ट्याईवरच (टायर काढाच्या चपट्या लोखंडी दांड्या) भागते? सल्ला पायजे

पांदणवाला
राम राम मंडळी. आमचं गाव दारव्ह्यापासून आतल्या अंगाले, पंचरवाला फाट्यावर, तो बी आज हाय तं उद्या नाही. घरी एक जुनी स्प्लेंडर, तारेची रिंग, ट्यूबवाली, अन् लहान भावाची पल्सर १५०, मॅगव्हील ट्यूबलेस. तुरी सोंगल्यावर वावरात ते तिरपे खुटं रायते अन् धुऱ्यावर बाभळी, मंग टायरचं काय होते ते इकडच्या लोकायले सांगा लागत नाही. दोन्ही गाड्यायचे मागचे टायर आता साफ टकले झाले. मागच्या खेपेले एका दुकानात पल्सरचा टायर बदलला तं त्यानं टामी घालून रिंगीची कोर अशी चेपवली का अजून तिथून हवा निंगते, अन् भाऊ माह्यावरच चिडून बसला. म्हणून म्हटलं घरीच करू. ऑनलाईन ते लोखंडी खांबवाले चेंजर दिसून रायले, लांब दांडा फिरवला का टायर बाहेर. कोनी वापरलं काय? पैसे वाया नाही गेले पायजे बस.

स्पॅनरवाला_वर्धा
पहिले हे सांगा की ठेवणार कुठं. तो खांब चार बोल्टांनी काँक्रीटमध्ये ठोकावा लागतो, सारवलेल्या ओसरीत तो उभाच राहत नाही, दांडा ओढला की चाकासकट सगळं गोल फिरतं. आणि स्वस्तातले बरेचसे कारच्या चाकासाठी असतात, मधला रॉड जाड, आपल्या एक्सलच्या भोकात जात नाही. मोटरसायकलचं अटॅचमेंट वेगळं घ्यावं लागतं, त्याचे पंजे रिंगीला बाहेरून धरतात, १६ ते २१ इंचाचं असलं तर तुमची १७ आणि १८ दोन्ही बसतील, पण पंज्यांना रबर नसलं तर मॅगचा रंग गेला समजा. भाडं धरून हे सगळं जेवढ्याला पडतं तेवढ्यात तुमचे टायरच येऊन जातात. माझ्या वर्कशॉपमध्ये आहे, दिवसभर टायरचंच काम असलं तर कंबर वाचते यात वाद नाही, पण घरच्या दोन गाड्यांसाठी मी घ्या म्हणणार नाही. स्प्लेंडरचा मागचा २.७५-१८ तर दोन पट्ट्यांत उतरतो.

पांदणवाला
ओसरीत फरशी हाय पण खाली भराव हाय, बोल्ट टिकत नाही. स्प्लेंडरचं समजलं दादा, पण पल्सरचा १००/९०-१७ पट्ट्याईनं निंगन काय? फाट्यावरचा तं टायरवर उभा राहून घाम गाळते तवा कुठी निंगते.

बंडी_ते_बुलेट
बाबू, घाम आला म्हणजे समजजो का काहीतरी उलटं चालू हाय. रिंगीच्या मधात चारी बाजूनं एक खोलगट नाली रायते, बोट फिरवून पाय. टायरच्या कडीत तार रायते, ते काही ताणत नाही, कितीबी जोर लाव. तुले जिथं पट्टी घालाची हाय त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्यानं दाबून त्या नालीत पाडा लागते, तवा इकडं ढिल भेटते. गुडघा उचलला का कड वर सरकते अन् मंग पट्टी वाकते, नाही तं रिंग वाकते. पंचरवाल्याले घाई रायते, तो गुडघ्याच्या जागी टामी वापरते. पट्ट्या १२ ते १५ इंचाच्या घे, टोक गोल असलेल्या, तीन घे. पेचकस अजिबात घालू नको, ट्यूबले भोक पाडाचा तो सगळ्यात सोपा रस्ता हाय. एका येळी दोन बोटं, जास्तीत जास्त तीन बोटं जागा पुढं सरक, वीतभर घास घेऊ नको. मॅगच्या कोरेवर तेलाच्या प्लास्टिक कॅनचे तुकडे कापून मधून दुमडून ठेवजो, ओरखडा येत नाही. अन् टायर चढवतानी शेवटची वीतभर कड रायते ते वालपाशी (हवा भराच्या तोंडापाशी) येऊ दे, तिथं संपव. काहून का वालच्या जागी ट्यूब नाहीतं रबर मधात येते अन् कड नालीत बसतच नाही.

कास्तकारीण
दादा सांगतात ते खरं आहे. त्यात माझी भर एवढीच की टायर चढवायच्या आधी उन्हात ठेवा. आपल्या इकडं मे महिन्यात अर्धा तास पुरे, हात लावला की समजतं की रबर नरम झालं. थंडीत सकाळी सकाळी हे काम काढूच नका. आणि साबणाचं पाणी कडीला दोन्ही बाजूनं भरपूर लावा, ऑईल ग्रीस नाही, त्यानं रबर खराब होतं आणि नंतर टायर रिंगीवर घसरतो.

टायरच्या आत काटा राहिला की नाही हे बोटानं तपासू नका, बोटही फाटतं आणि बारीक टोक लागतही नाही. घरात कापूस असतोच आपल्या, त्याचा बोळा आतून गोल फिरवायचा, जिथं काटा तिथं धागा अडकतो. स्प्लेंडरला तारांच्या डोक्यांवर जी रबरी पट्टी असते ती चिरली असेल तर तीही बदला, नाहीतर नवी ट्यूब आतल्या बाजूनं जाते आणि आपण बाहेर काटा शोधत बसतो.

टूरर_नागपूर
मी थोडं उलट बोलतो. गावात किती गाड्या आहेत? आठ-दहा जणांनी मिळून चेंजर घेतला आणि ज्याच्या गोदामात पक्का कोबा आहे तिथं बसवला तर वाईट नाही, ट्रॅक्टरवाल्याकडं कंप्रेसर असतोच. बुलेटचे, केटीएमचे टायर आले की पट्ट्यांचा कंटाळा येतो, कडक साईडवॉल असते. आणि चेंजरला टायरची कड रिंगीपासून सोडवायचा दांडा वेगळा असतो, माझ्या मते खरा उपयोग त्याचाच आहे.

स्पॅनरवाला_वर्धा
@टूरर_नागपूर सामाईक वस्तूचं गावात काय होतं ते माहीत आहे न, पहिल्या पावसात दांडा कोणाच्या तरी गोठ्याला आडणा म्हणून लागलेला दिसेल 😄 पण मुद्दा बरोबर आहे, ट्यूबलेसची कड सोडवणं हेच अर्धं काम. त्यासाठी चेंजर नको मात्र. वालची पिन काढून सगळी हवा सोडायची, चाक खाली पोत्यावर आडवं ठेवायचं (डिस्क असेल तर डिस्कची बाजू वर, डिस्कवर वजन देऊ नका), आणि दुसऱ्या गाडीचा साईड स्टँड बरोबर कडेपाशी टेकवून गाडी हळू त्यावर झुकवायची. कड टप्पकन् सुटते. नाहीतर सुताराचा मोठा शिकंजा दोन्ही कडांवर घट्ट करायचा. टायर ट्रॅक्टरच्या चाकाखाली घालणारेही पाहिले आहेत, ते करू नका, रिंग जाते.

पांदणवाला
शिकंजा हाय घरी. पण ट्यूबलेस चढवल्यावर हातपंपानं कड बसन काय? ते पेट्रोल टाकून काडी लावतात ते व्हिडिओ पायले, भाऊ तेच करतो म्हणून बसला.

स्पॅनरवाला_वर्धा
भावाला म्हणा तोंड भाजलं तर सोयरीक जुळणार नाही. हातपंपानं बहुतेक बसत नाही, टायर मधून हवा सोडतच राहतो. टायरच्या मधोमध गोलाकार दोरी बांधायची, काठी घालून पिळायची, म्हणजे दोन्ही कडा बाहेर सरकून रिंगीला टेकतात, मग कंप्रेसरनं पिन काढलेल्या वालमधून एकदम हवा मारायची, टेकली की दोरी ढिली करायची. ठक ठक असे दोन आवाज आले पाहिजेत. ४० पीएसआयच्या वर जायचं नाही, नाही बसली तर हवा सोडून परत साबण लावा. रिंगीजवळ टायरवर एक बारीक रेघ असते, ती दोन्ही बाजूंनी सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बसला. मग पिन लावून गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवा. चेपलेली कोर मात्र आधी रिंग सरळ करणाऱ्याला दाखवा, नवा टायर घातल्यानं ती हवा थांबणार नाही.

बंडी_ते_बुलेट
स्प्लेंडरचं मागचं चाक काढाले चेन सोडा लागत नाही, एक्सल ओढला का मधातला बुश पडते अन् चाक दातऱ्यापासून (चेनच्या चक्रीपासून) अलग होते. तो बुश अन् आतले रबर कोणत्या बाजूनं होते त्याचा फोटो काढून ठेवजो. ट्यूब टाकाच्या आधी तिच्यात आकार येईपर्यंत थोडीशी हवा भर, मंग पट्टीखाली चिमटत नाही. अन् टायर घेतानी त्याच्यावरचे चार आकडे पाय, १८२५ म्हणजे टायर २०२५ च्या अठराव्या हप्त्यात (आठवड्यात) बनला. तालुक्याच्या दुकानात जुना माल बम पडून रायते. बाण असला तं चाक फिरते त्याच दिशेनं.

पांदणवाला
चालते मंग, चेंजर रद्द. तीन पट्ट्या मागवतो, पयले स्प्लेंडरवर हात साफ करतो. कंप्रेसर शेजारच्या काकाजीकडं हाय, त्यायचं बोलणं ऐका लागन थोडं. कास्तकारीण ताई, तुमी ट्यूबले पावडर लावता काय चढवतानी?

कास्तकारीण
हो, साधी टाल्कम, हलकी. आणि वालचा नट पूर्ण आवळू नका, थोडा ढिला ठेवा, ट्यूब सरकली तर वाल मुळातून फाटतो.