चाको, मेसा व्हर्डे, होवनवीप: तंबू कुठे टाकावा?

मृगजळ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अल्बुकर्कीला उतरून, भाड्याची एसयूव्ही घेऊन सहा रात्रींचा बेत आहे. माणसं सहा: आम्ही दोघं, सासूबाई (६८, बीपीची गोळी चालू), सासरे (७२), मुलं ११ आणि ८ वर्षांची. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांचे जुने अवशेष, म्हणजे चाको, मेसा व्हर्डे आणि जमल्यास होवनवीपचे बुरूज पाहायचे आहेत. हॉटेल नको, तंबूतच राहायचंय, कारण मुलांना तिथलं आकाश दाखवायचंय. नकाशावर ही तिन्ही ठिकाणं जवळजवळ दिसतात. एकाच जागी मुक्काम ठोकून सगळं होईल का? कुठलं कॅम्पग्राऊंड निवडू? घरचं जेवण करायचं आहे. तंबू दोन आहेत, दोन्ही तीन माणसांचे.

कातळकडा
एका मुक्कामात होणार नाही. चाको ते मेसा व्हर्डे गाडीने साधारण तीन तास, एका बाजूने. त्यातला चाकोकडचा तुकडा कच्चा आहे. दोन मुक्काम करा: पहिल्या दोन रात्री चाकोचं गॅलो कॅम्पग्राऊंड, पुढच्या मेसा व्हर्डेचं मोरफील्ड.

चाको आधी का, तर रस्ता. यूएस ५५० या महामार्गावर नागीझी गावाच्या आग्नेयेला ३ मैलांवर काउंटी रोड ७९०० चं वळण लागतं. तिथून पार्कची हद्द २१ मैल. पहिले ८ मैल डांबरी, उरलेले १३ मातीचे. कोरडा असताना हा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो. ताशी १५-२० मैलांपेक्षा जोरात गेलात की गाडी थडथडते आणि वळणावर मागची चाकं सरकतात. पाऊस पडला तर गोष्टच वेगळी. तिथल्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश आहे, ती ओली झाली की चाकाच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. फोर व्हील ड्राइव्ह असूनही गाडी ओढ्याच्या कडेला घसरते. त्यावर उपाय एकच, वाळेपर्यंत थांबणं. चाको शेवटी ठेवलंत आणि विमानाच्या आदल्या रात्री पाऊस झाला, तर सहाही जण आत अडकाल. सुरुवातीला ठेवलंत तर फार तर मोरफील्डची एक रात्र बुडेल.

निघायच्या दिवशी सकाळी चाकोच्या व्हिजिटर सेंटरला फोन करून रस्त्याची स्थिती विचारा. जीपीएसवर विसंबू नका, ते भलत्याच मातीच्या रस्त्यांवर घालतं. क्राऊनपॉइंटकडून येणारा दक्षिणेचा रस्ता तर आणखी बेभरवशाचा. गाडीच्या भाडेकरारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय तेही आत्ताच वाचा, पुष्कळ करारांत तिथे झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत.

रानवाट
गॅलोला आणखी एक कारण आहे. अवशेषांकडे जाणारा वळसा-रस्ता सूर्यास्ताला बंद होतो. बाहेर मुक्काम केला तर उजाडताना आत पोचणं होत नाही आणि परतीचा कच्चा रस्ता अंधारात येतो. गॅलोला राहिलात तर व्हिजिटर सेंटर जेमतेम एक मैल. रस्ता उघडताच प्वेब्लो बोनितो या चाकोतल्या मोठ्या वास्तूच्या भिंतींवर तिरपं ऊन असतं. त्या उजेडात बांधणी कळते: आत दगड-मातीचा भराव, बाहेरून घडवलेल्या चपट्या दगडांचे थर, आणि मोठ्या दगडांच्या सांध्यांत ठोकलेल्या बोटाएवढ्या चिपा. सन ८५० ते ११५० या काळात ही ६०० हून अधिक खोल्यांची वास्तू वाढत गेली. दुपारी वरून ऊन आलं की हे सगळं सपाट दिसतं.

आता गॅलोला काय नाही ते ऐका. अंघोळ नाही, विजेची जोडणी नाही, दुकान नाही, पेट्रोल नाही. संडास आहेत. पिण्याचं पाणी फक्त व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगपाशी. फोनला रेंज धरूच नका, नकाशे आधी उतरवून ठेवा. पेट्रोल वाटेतल्या क्युबा गावात पूर्ण भरा. जळण स्वतःचं न्या, तिथली काटकी उचलायला मनाई आहे.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं. प्रत्येक जागेच्या पानावर माणसांची आणि तंबूंची मर्यादा लिहिलेली असते. तुम्ही सहा जण आणि तंबू दोन, म्हणून ते बघूनच जागा धरा. काही जागा फक्त तंबूच्या असतात आणि तिथे सामान गाडीपासून उचलून न्यावं लागतं. सासऱ्यांसाठी संडासापासून ५०-६० पावलांतली घ्या. ओढ्याच्या पात्रालगतची टाळा, वर कुठेतरी पडलेला पाऊस तिथून वाहतो. कड्याच्या अगदी पायथ्याचीही नको, दगड सुटतात.

मृगजळ
खूप धन्यवाद, कातळकडा आणि रानवाट. म्हणजे गॅलो २, मोरफील्ड ४? की होवनवीपला एक रात्र काढू? आणि पाणी किती न्यायचं?

रानवाट
पाणी: पिणं, स्वयंपाक आणि हात धुणं धरून माणशी रोज ५ लिटर. सहा जणांचे ३० लिटर. २० लिटरचे दोन कॅन घ्या, तोटी असलेले. ते अल्बुकर्कीहूनच भरून निघा, म्हणजे वाटेत अडकलात तरी दिवस निघेल. मग रोज व्हिजिटर सेंटरला जाताना रिकामा कॅन भरून आणायचा. तिथली हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही. आजी-आजोबा तहान लागली नाही म्हणून पीत नाहीत आणि तिसऱ्या प्रहरी डोकं दुखायला लागतं. तासाला एक पेला हाताने द्या.

उंचीकडेही लक्ष हवं. अल्बुकर्की ५,३०० फूट, गॅलो ६,२०० च्या आसपास, मोरफील्ड ७,८००. चाको आधी घेतल्याने चढण आपोआप टप्प्याटप्प्याने होते. सासूबाईंच्या गोळीबद्दल मात्र निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि कोरड्या हवेत ते त्रासाचं होतं.

हिरवा चाफा
मोरफील्डबद्दल मी सांगते. प्रवेशद्वारापासून ४ मैलांवर आहे, २६७ जागा, क्वचितच पूर्ण भरतं. अंघोळीची सोय, दुकान, कपडे धुण्याची यंत्रं, सगळं आहे. चाकोच्या धुळीनंतर हे फार बरं वाटतं. हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, त्यामुळे तुमच्या तारखा बसतात. पण तंबूपासून चॅपिन मेसाचं म्युझियम १७ मैल आहे आणि ते सगळं घाटाचं वळण. पाऊण तास धरा. दुपारी जेवायला परत येऊ हा बेत करू नका, डबा बरोबर न्या.

क्लिफ पॅलेस आणि बाल्कनी हाऊस ही कड्याच्या कपारीत बांधलेली घरं फक्त रेंजरबरोबर (पार्कच्या कर्मचाऱ्याबरोबर) बघता येतात. तिकिटं १४ दिवस आधी, तिथल्या माउंटन वेळेनुसार सकाळी ८ वाजता खुली होतात. त्या मिनिटाला लॉगिन करून बसा. बाल्कनी हाऊसला ३२ फुटांची शिडी आणि १८ इंच रुंद, १२ फूट लांब बोगदा आहे, त्यातून रांगत जावं लागतं. सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत? शंका असेल तर घरातल्या तिघांनी बाल्कनी हाऊस करावं आणि एकाने आजी-आजोबांना घेऊन मेसा टॉप लूपवर जावं. तो रस्ता गाडीचाच, थांब्याथांब्याला कड्यावरून खालची घरं दिसतात. स्प्रूस ट्री हाऊस दरड कोसळल्यामुळे २०१५ पासून आतून बंद आहे, पण म्युझियमजवळून समोर छान दिसतं.

मोरफील्ड खोलगट भागात आहे, रात्री थंड हवा तिथे साचते. अस्वलं फिरतात. खाणं, टूथपेस्ट, साबण, मुलांचे चॉकलेटचे कागद, यातलं काही तंबूत ठेवायचं नाही. सगळं गाडीत, काचा बंद.

होवनवीपसाठी एका रात्रीचा तंबू हलवू नका. सहा जणांचा संसार उतरवायला आणि परत बांधायला मिळून तीन तास जातात. मोरफील्डहून दिवसाचा फेरा करा.

कातळकडा
इथे माझं मत वेगळं आहे, चाफाताई. होवनवीपचं कॅम्पग्राऊंड ३१ जागांचं, शांत, आणि बुरुजांच्या वाटेला लागूनच आहे. दिवसाच्या फेऱ्यात तुम्ही तिथे पोचता भर उन्हात. सन १२०० नंतर दरीच्या काठावर बांधलेले ते बुरूज संध्याकाळच्या उजेडात बघण्याचे आहेत. मुलांना आकाश दाखवायचं असेल तर इथे दिव्यांचा उजेड फारच कमी. उंचीही ५,२०० फूट, म्हणजे रात्र मोरफील्डपेक्षा उबदार. दरीच्या काठाने दोन मैलांची फेरी आहे. आजी-आजोबांसाठी व्हिजिटर सेंटरपासून कड्यापर्यंत पक्की वाट आहे, तेवढ्यावरूनही बुरूज दिसतात.

अडचणी अशा: आरक्षण नाही, पहिला येईल त्याला जागा. शुक्रवार-शनिवार टाळा आणि दुपारी बाराच्या आत पोचा. पाण्याचा नळ हंगामी आहे, आधी विचारून घ्या. मे अखेर ते जून तिथे चावऱ्या चिलटांचा उच्छाद असतो, जाळीच्या भोकातून आत शिरतात. तुमच्या तारखांना तो प्रश्न नाही.

हिरवा चाफा
दोघांचंच जोडपं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. ७२ वर्षांच्या माणसाला सहा दिवसांत तीनदा जमिनीवरचं अंथरूण बदलायला लावू नये असं मला मनापासून वाटतं. मृगजळ, आठवड्याचा वार बघा आणि सासऱ्यांनाच विचारा.

पाटावरवंटा
स्वयंपाकाचं कुणी बोललंच नाही. ७,८०० फुटांवर पाणी सुमारे ९२ अंशाला उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ तासभरानेही दाताखाली लागते. ३ लिटरचा छोटा कुकर न्या, डाळ निघतानाच भिजत घाला. दुपारी पोहे, दडपे पोहे, थालीपिठाची भाजणी, असं शिजवणं कमी असलेलं ठेवा.

शेगडी दोन चुलींची, प्रोपेनवर चालणारी घ्या. ब्यूटेनच्या चपट्या डब्यांवरची नको. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, म्हणजे नेमका सकाळच्या चहाला डबा भरलेला असून ज्योत मरते. छोटी शेगडी डब्यावरच बसवायची असेल तर तिला चारी बाजूंनी पत्र्याचा आडोसा करू नका, डबा तापतो आणि फुटू शकतो.

जाण्याआधी आगीचे निर्बंध बघा. निर्बंध असतील तेव्हा लाकूड-कोळसा बंद असतो, पण बंद करायची कळ असलेली गॅसची शेगडी बहुतेक वेळा चालते. म्हणून रात्रीचं जेवण शेकोटीवर अवलंबून ठेवू नका.

उष्टं-खरकटं लगेच आवरा. या भागातल्या उंदरांमुळे हंताव्हायरस हा फुफ्फुसांचा गंभीर आजार पसरतो, १९९३ मध्ये इथेच, चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या फोर कॉर्नर्स भागात, त्याची साथ आली होती. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. ब्लीचच्या पाण्याने भिजवून कागदाने पुसा.

मृगजळ
पाटावरवंटा, हे कुठेच वाचलं नव्हतं. थंडीसाठी काय न्यावं? आमच्याकडे हवा भरायच्या गाद्या आहेत.

रानवाट
त्या गाद्या घरी ठेवा. आतली हवा खेळती राहते आणि जमिनीचा गारठा थेट पाठीला लागतो, मग स्लीपिंग बॅग कितीही चांगली असो. ४ किंवा जास्त आर-व्हॅल्यूची (गारठा अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) मॅट घ्या. आजी-आजोबांना घडीची खाट देणार असाल तर तिच्यावरही मॅट हवी, कारण खालून वारा जातो. बॅग उणे ५ अंश सेल्सिअसच्या ‘कम्फर्ट’ आकड्याची, म्हणजे तेवढ्या थंडीत आरामात झोप लागेल अशी. ‘लिमिट’चा, म्हणजे जेमतेम निभावण्याचा, आकडा बघू नका. चाकोला त्या दिवसांत दुपारी २५ अंश आणि पहाटे ४-५ अंश होऊ शकतं, क्वचित त्याहून खाली.

तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या तिथे वाकतात. वर सैल माती, खाली कडक थर. २५-३० सेंटिमीटरच्या जाड पोलादी खुंट्या १२ आणि एक हातोडा घ्या. खुंटी आत जाईना तर ताणाची दोरी गाडीला बांधा. दिवसा फिरायला जाताना तंबू रिकामा सोडू नका, आत जड सामान ठेवा. दुपारचा वारा हलका तंबू उचलतो. झिप पूर्ण बंद, नाहीतर बारीक धूळ अंथरुणात.

ओसरी
थोडं आड जाऊन सुचवते. पुढच्या खेपेला ॲरिझोनातलं नवाहो नॅशनल मॉन्युमेंट मनात ठेवा. केयेंटापासून साधारण ३० मैल, कॅम्पिंगला पैसे नाहीत, कड्यावरून बेटाटाकिन या जुन्या कपारीतल्या वस्तीची कमान दिसते. या सहा दिवसांत ते कोंबू नका. नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात, दारूला बंदी आहे, आणि उन्हाळ्यात तिथलं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. रेंजरबरोबरची फेरी त्यामुळेच चुकते.

आणखी एक, मुलांसाठी. चाकोच्या वाटेवर खापराचे तुकडे पायाशी दिसतील. काही पांढऱ्यावर काळ्या रेघांचे, काही करड्या रंगाचे, पन्हळीदार. पन्हळीदार तुकडा वाकून बघायला सांगा: मातीची वळकटी एकावर एक चढवताना बोटाने दाबलेली खूण त्यावर असते, कधी नखाचीही. तो उचलायचा नाही, आणि उचलून ‘परत इथेच’ म्हणून दुसरीकडेही ठेवायचा नाही. कुठल्या थरात, कुठल्या भिंतीजवळ पडला होता यावरून त्याचं वय ठरतं. १९७९ च्या कायद्याने तो नेणं गुन्हाही आहे. भिंतींवर टेकू नका, कोरलेल्या चित्रांना हात लावू नका. वाटेबाहेर जमिनीवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसतो, तो सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असतो, त्यावर पाय नको.

‘अनासाझी’ हा शब्दही टाळावा. तो नवाहो भाषेतून आला आणि आजच्या प्वेब्लो लोकांना, म्हणजे होपी, झुनी वगैरेंना, तो आवडत नाही. ही त्यांच्या पूर्वजांची घरं आहेत.

मृगजळ
सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, बुरूज संध्याकाळीच बघायचे. होवनवीपची रात्र बुधवारी येतेय. म्हणजे गॅलो २, मोरफील्ड ३, होवनवीप १. तिथून अल्बुकर्कीला परत किती वेळ?

कातळकडा
बुधवार उत्तम. कॉर्टेझ, शिपरॉक, फार्मिंग्टनवरून ५५० ने परत. मुलं आणि थांबे धरून सहा तास ठेवा. तंबू रात्रीच्या दवाने ओला असेल तर गुंडाळू नका, अर्धा तास उन्हात पसरा. चाकोहून मोरफील्डला जाताना वाटेत ॲझ्टेक रुइन्सला एक तास द्या. तिथे तंबू टाकता येत नाही, पण १९३४ साली पुन्हा उभारलेला मोठा किवा (जमिनीत उतरवलेली, समारंभाची गोल खोली) आहे. छतासकट आत उभं राहता येतं, आणि चाकोला नुसतं वर्तुळ दिसलं होतं ते मुलांना इथे कळेल.