ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी डब्याला मोजायची टेप लावा

कोपरखैरण्याच्या घरी ऑफिसचा जुना स्लिम डेस्कटॉप आहे, त्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड टाकू की ३०५०, असं तुम्ही विचारलंत. उत्तर देणारे बाकी सगळे फ्रेम्सचेच (गेममध्ये सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) आकडे देताहेत, पण तुमचा खरा अडथळा डब्याचा, म्हणजे कॅबिनेटचा आहे.

४०६० वेगात बरीच पुढे, यात वाद नाही. पण तिला ११५ वॅट लागतात. कार्ड ज्यात खोचतात त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून मिळतात जेमतेम ७५, म्हणजे वेगळी पॉवर केबल आलीच, आणि अशा डब्यांच्या पॉवर सप्लायला ती बहुधा नसते. ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये, नुसत्या स्लॉटवर चालतं. मात्र नावाला फसू नका! ३०५० चंच ८ जीबी मॉडेल १३० वॅटचं आहे. ते जास्त वेगवान, पण तुमच्या उपयोगाचं नाही. दुकानदाराला '३०५० द्या' एवढंच सांगू नका, ६ जीबी आणि लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) दोन्ही सांगा, आणि कार्ड डब्याच्या मागे बसवायची छोटी पट्टी खोक्यात आहे का ते तिथेच उघडून बघा.

साइड पॅनल काढून मागच्या पट्टीपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत मोजा, कार्डाची लांबी तेवढ्यात बसायला हवी. शेजारचा स्लॉटही मोकळा हवा, कारण यातली बरीच कार्डं दोन स्लॉट अडवतात.

पुढेमागे कॅबिनेट बदलणारच असाल, तर आत्ता ३०५० वर पैसे घालू नका. थोडं थांबा, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय आधी घ्या.