गिझरचा प्लग तापतोय : सोसायटीचा ग्रुप

बी-२०३ : मंडळी, गिझरचा प्लग आज काढताना हाताला चटका बसला. पॉईंटचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा आहे, तो पडला नाही. गिझर २००० वॅटचा. काय करू?

ए-१०१ : ताई, आधी मेन बंद करा. एमसीबी काम करत नसेल. ३२चा बसवून टाकायचा का?

सी-३०४ : काका, ३२चा अजिबात नको. मी उद्यमनगरात मोटरी भरतो, म्हणजे जळलेल्या मोटरीच्या आतली तार (वाइंडिंग) नव्यानं गुंडाळतो, जळकी कनेक्शनं रोज बघतोय. २००० भागिले २३० केलं की ८.७ अँपिअर येतात. १६च्या एमसीबीनं कशाला पडायचं? ताई, पिन बारीक आहे का जाड?

बी-२०३ : बारीक. जाड पिनचा पॉईंट बाथरूमजवळ नाही, म्हणून वायरमनने तीच लावली.

सी-३०४ : मग दुखणं तिथंच आहे बघा. बारीक पॉईंट ६ अँपिअरचा, त्यातनं ८.७ चाललेत. वरनं स्क्रूही सैल झाला असणार. सैल जागेचा रेझिस्टन्स नुसता अर्धा ओहम धरा. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ८.७ चा वर्ग ७५ च्या वर, त्याचा अर्धा ३७-३८ वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तेवढ्याहून जास्त उष्णता प्लगच्या आत कोंडतीय. एमसीबी करंट बघतो, प्लग किती तापला ते त्याला कळत नाही.

ए-१०१ : आणि गिझरच्या कॉईलचा रेझिस्टन्स?

सी-३०४ : व्होल्टेज भागिले करंट. २३० भागिले ८.७, म्हणजे साडेसव्वीसच्या आसपास ओहम. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं तरी कॉईल तीच. मग करंट साडेसात आणि पॉवर १५०० वॅट. पाणी उशिरा तापतंय म्हणून लगेच कॉईल बदलू नका, आधी व्होल्टेज बघा.

डी-४०२ : आपल्या पाण्याच्या मोटरीलाही हाच हिशोब का? प्लंबरने क्लॅम्प मीटर लावला तेव्हा ७ अँपिअर दाखवत होतं. २३० गुणिले ७ म्हणजे १६०० वॅट. मोटर तर १ एचपीची, ७४६ वॅट.

सी-३०४ : चांगलं विचारलंत. ७४६ वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम. आत जाणारी वीज त्यापेक्षा जास्त, कारण वाइंडिंग तापतंय, बेअरिंग घासतंय. आणि १६०० हे खरे वॅट नव्हेत. मोटरीत करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, म्हणून पॉवर फॅक्टरनं गुणायचं. ०.८ धरला तर १३०० च्या जवळ. बिल त्याचंच येतंय.
रेझिस्टन्सचंही तसंच. मोटर बंद करून वाइंडिंगला मीटर लावला तर दोन-चार ओहम दाखवेल. त्यावर भागाकार केला तर ७ च्या जागी पन्नास-शंभर अँपिअर येतात. फिरती मोटर आतनं उलटं व्होल्टेज तयार करते, ते करंटला अडवून धरतंय. मोटर जाम झाली की ती अडवणूक संपते आणि वाइंडिंग जळतं. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी मोटरी अशाच जळलेल्या असतात.

ए-१०१ : मग ताईंनी आता नेमकं काय करायचं?

सी-३०४ : १६ अँपिअरचा पॉईंट, जाड पिन, बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंग तपासून घेणं. एमसीबी आहे तोच राहू द्या. उद्या सकाळी येऊन टर्मिनल बघतो. तोवर त्या पॉईंटला काही लावू नका, मोबाईलचा चार्जरसुद्धा नको.

बी-२०३ : मेन बंद केलाय. आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवलंय. दादा, नऊ वाजता या, चहा घेऊनच जायचं.