किमान शिल्लक नाही म्हणून आईच्या खात्यातून पैसे कापतायत

सिडकोची_पोरगी: आई चार घरी धुणीभांडी करते. पगार कोणी रोख देतं, कोणी यूपीआयवर. महिनाअखेर खात्यात दोन-तीनशे उरतात, त्यातून बँक दंड कापते. दंड कोणाला, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच! शाखेत म्हणतात, 'सिस्टिम आपोआप कापते.' खातंच बंद करू का?

निवृत्त_कॅशियर: बंद नको करू, बाळा. याच खात्याचं मूलभूत बचत खातं करून माग, बँकेत त्याला बीएसबीडी म्हणतात. जनधन त्यातलंच. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. अर्ज आईच्या सहीने लेखी दे, शिक्क्याची पोच घे. तोंडी बोललेलं काउंटरवरच विरतं. (मी स्वतः तिथेच बसायचो.)

ठाणेकर७: बँका हे खातं आपणहून सुचवत नाहीत, त्यात त्यांची कमाई नाही ना!

सिडकोची_पोरगी: आणि आधी कापलेले?

निवृत्त_कॅशियर: एप्रिल 2015 पासून व्यापारी बँकांना नियम आहे: आधी एसएमएसने किंवा पत्राने कळवायचं, महिन्याची मुदत द्यायची, मगच दंड. आणि फक्त त्या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये. आईच्या फोनवर तसा मेसेज आला होता का, बघ. नसेल तर लेखी तक्रार कर. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, वकील नको. चौकशीला 14448.

सिडकोची_पोरगी: मेसेज इंग्रजीत आलेत, काका. आईला वाचताच येत नाहीत. उद्या अर्ज देते.