‘ट्रॅप’ म्हणजे सापळा की पायरी?

वर्धेकाठचा : एका लेखात वाचलं, ‘दख्खनच्या सापळ्याखाली खनिज तेल असू शकते.’ सापळा? लावला कोणी, कोणासाठी? आमच्याकडं सापळा फक्त एसीबीवाले रचतात.

मास्तर, चिखलदरा : भाषांतरकार फसला. डेक्कन ट्रॅप म्हणजे दख्खनचा लाव्ह्यापासून झालेला काळा खडक, बेसाल्ट. त्यातला ट्रॅप मूळ स्वीडिश शब्दावरून आलेला, अर्थ जिना. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, झिजले आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. तिरप्या उन्हात गाविलगडाची कड बघा, एकेक टप्पा मोजता येतो. तेलवाल्यांचा ट्रॅप मात्र खरोखरच सापळा. शब्द दोन, स्पेलिंग एक.

बोरवाला, दर्यापूर : आमी बोर मारतानी त्याले काया पत्थरच म्हनतो. पन मास्तर, आमच्या खारपानपट्ट्यात पानी खारट. म्हातारे म्हनतात, इथं समुद्र होता. मंग तेल काऊन नाही जी?

खाणवाला, वणी : भाऊ, पूर्णेचा गाळ ट्रॅपच्या वर बसलाय, म्हणजे त्याहून तरुण. ट्रॅप साधारण ६.६ कोटी वर्षांचा. टेथिस नावाचा जुना महासागर भारताच्या उत्तरेला होता, इथं नाही. त्यातल्या जीवांचे जीवाश्म हिमालयातल्या स्पितीत सापडतात. कोळसा झाला त्या काळात विदर्भ गोंडवना या जुन्या महाखंडाच्या पोटात होता. इथं झाडझाडोरा गाडला गेला, त्याचा वणी-बल्लारपूरचा कोळसा झाला. तेल बहुतकरून समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं. प्राणवायू कमी असलेल्या तळाच्या चिखलात ते गाडले जातात आणि खोल गेल्यावर साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला त्यांचं तेल होतं. त्याहून फार तापलं तर गॅस. टेथिसच्या दक्षिण काठावर, आजच्या इराण-इराक-सौदीकडं, उथळ उबदार समुद्र कोट्यवधी वर्षं टिकला. नुसता चिखल नाही, तेल साठवणारी चुनखडी आणि वरचं झाकणही तिथंच तयार झालं.

वर्धेकाठचा : मग त्यात सापळा कुठला?

खाणवाला, वणी : तेल पाण्याहून हलकं, त्यामुळं दगडाच्या छिद्रांतून वर सरकत राहतं. वर घट्ट थर आडवा आला की तिथंच अडतं. १९४८ साली सापडलेलं सौदीचं घवार तेलक्षेत्र तसंच : ज्युरासिक चुनखडीची लांबलचक कमान, वर ॲनहायड्राइट या घट्ट खनिजाचा थर.

मास्तर, चिखलदरा : म्हणजे मुद्दाम कोणी लावलेलं काही नाही. मग ‘तेलकोंडी’ का म्हणू नये?

बोरवाला, दर्यापूर : कोंडी म्हनलं का अमरावतीचं ट्राफिक आठोते जी. सापयाच बरा.

वर्धेकाठचा : आणि ट्रॅपखालच्या तेलाची बातमी? निव्वळ थाप?

खाणवाला, वणी : थाप नाही, पण ती गोष्ट कच्छ-सौराष्ट्राकडची. तिथं ट्रॅपखाली समुद्री गाळाचे थर आहेत. जाड बेसाल्टमुळं खालचं चित्र जमिनीत मुद्दाम सोडलेल्या भूकंपलहरींनीही नीट उमटत नाही, म्हणून शोध अवघड जातो. आपल्याकडं वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं निघाली, तो गाळही ट्रॅपखालचाच, पण नदी-तळ्यांचा.

मास्तर, चिखलदरा : तर लेखात ‘दख्खनच्या बेसाल्टखाली’ असं हवं होतं. ट्रॅप ठेवायचाच असेल तर ट्रॅपच ठेवा, त्याचं मराठी करू नका. सापळा तेलाला राहू द्या. कोंडीचा हट्ट मी सोडला नाही, हे मात्र नोंदवून ठेवा.