मदत हवी आहे: जिप्सीच्या प्रवासात धड फिल्टर कॉफी कशी जमवायची?

माळवी_जिप्सी

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. प्रश्न कॉफीचा आहे, पण खरी अडचण सासऱ्यांची आहे.

अप्पांनी नोकरीची तीस वर्षं बंगळुरात काढली. निवृत्त होऊन सुदामानगरात आले ते पितळी फिल्टर आणि कॉफीबद्दलची मतं सोबत घेऊनच. इन्स्टंटला ते 'रंगीत पाणी' म्हणतात. माझ्या आईच्या जायफळ घातलेल्या दुधाळ कॉफीला काहीच म्हणत नाहीत, कप नुसता बाजूला सरकवतात. एरवी माणूस देव आहे. आता मात्र त्यांना माझ्या जुन्या जिप्सीतून आमच्याबरोबर भटकायचं वेड लागलंय, आणि तंबूत सकाळी सहाला कॉफी हवी म्हणजे हवी.

आतापर्यंतचे पराक्रम असे:

चोरलच्या बाजूला गेलो तेव्हा घरूनच फिल्टरात पूड भरून घेतली होती, म्हटलं तिथे फक्त पाणी ओतायचं. तासभर खड्ड्यांतून गेल्यावर पूड अशी दबून बसली की रात्री ओतलेलं पाणी सकाळी जवळजवळ तसंच वर! जोर करून हलवलं तर खाली गाळ उतरला.

दुसऱ्या खेपेला मोका पॉट नेला (चुलीवर ठेवायचं भांडं, वाफेच्या दाबाने खालचं पाणी पुडीतून वर चढतं). छोट्या गॅसच्या तीन काट्यांवर तो नीट बसेना, वर जानापावच्या डोंगरावरचा वारा. आच मोठी केली तर सुर्रकन वाफ सुटली आणि जी काय कॉफी वर आली ती जळकट, कडू. अप्पा म्हणाले, 'औषध म्हणून ठीक आहे.'

तिसऱ्यांदा घरूनच डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरातून उतरलेला कॉफीचा दाट अर्क, थर्मासमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंबूस लागलं आणि पिशवीतलं दूध त्यात घालताच फाटलं.

डिसेंबरात मांडूच्या बाजूला दोन रात्रींचा बेत आहे. माणसं चार, त्यांतले कॉफीवाले दोन. नवीन यंत्र घ्यायला तयार आहे, पण उगाच हजारो रुपये नाही घालवायचे. उंचीमुळे पाणी कमी तापतं म्हणून चव बिघडते, असंही एक मित्र म्हणाला. खरं का?

पोहेजलेबी

भिया, निघताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चहा पाजा त्यांना आणि विषय संपवा.

खडकाळ

उंचीचा बाऊ करू नका. दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर, जानापाव साडेआठशेच्या आसपास, म्हणजे तिथेही पाणी ९७ अंशांच्या जवळ उकळतं. कॉफीला ९२ ते ९६ पुरतं. मित्राला हिमालयात पाठवा, तिथे त्याचं म्हणणं खरं ठरेल.

वाऱ्याचं मात्र खरं आहे. गाडीच्या आडोशाला चूल लावा. गॅसचा कॅन थेट बर्नरखाली असेल तर भोवती पत्रा गुंडाळू नका, कॅन तापून फुटू शकतो. आणि तंबूच्या आत गॅस कधीच पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. डिसेंबरच्या पहाटे ज्योत मंद वाटली तर घाबरू नका. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास वायू व्हायचाच थांबतो, त्यामुळे थंडीत कॅनचा दाब पडतो. रात्री कॅन पांघरुणात घेऊन झोपा. बायको हसेल, हसू द्या.

डिकॉक्शनवाली

नवीन काही घेऊ नका हो. तुमचा फिल्टर चांगलाच आहे, चूक एवढीच की पूड फिल्टरात बसून प्रवासाला निघाली. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळी न्या. मुक्कामावर इंजीन बंद झालं की मग भरा, हलकेच सपाट करा, दाबू नका. वरची चकती ठेवून आधी दोन चमचे गरम पाणी घाला, अर्ध्या मिनिटाने बाकीचं. झोपण्याआधी हे केलं की सकाळी डिकॉक्शन तयार. फिल्टर टॉवेलात गुंडाळून खोल पातेल्यात ठेवा, म्हणजे कोणाचा पाय लागून सांडणार नाही. सकाळी ते गार झालेलं असेल; आचेवर ठेवू नका, भांडं गरम पाण्यात उभं करा. थेट उकळलं की तोच जळकट कडवटपणा.

दूध टेट्रापॅकचं न्या, न उघडता दोन दिवस बाहेर आरामात टिकतं. पावडर नेलीत तर आधी कोमट पाण्यात कालवा, एकदम उकळत्यात टाकली की गुठळ्या.

पाणी घरचं, नळाचं नर्मदेचं न्या. शेतावरच्या बोअरचं बरेचदा जड असतं, कॉफी बसकी लागते.

माळवी_जिप्सी

@डिकॉक्शनवाली ताई, पूड घरूनच भरायची कल्पना माझीच होती, त्यामुळे आता गप्प बसतो. मोका पॉटचं काय चुकलं?

डिकॉक्शनवाली

फिल्टरची बारीक, चिकोरीवाली (भाजलेल्या चिकोरी मुळाची भुकटी मिसळलेली) पूडच त्यात घातलीत ना? ती तुंबते, मग दाब बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून सुटतो. तुमची सुर्र वाफ बहुधा तीच. थोडी जाडसर, बिनचिकोरीची पूड, खाली आधीच गरम केलेलं पाणी, मंद आच, आणि गुडगुड सुरू होताच उतरवा. काट्यांवर स्टीलची जाळी टाकली की पॉट डुगडुगत नाही. पण अप्पांना चिकोरीशिवाय चालेल?

माळवी_जिप्सी

छे. ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी, ८०:२० च. तेव्हा फिल्टरच.

काल गच्चीवर कॅम्पच्या गॅसवर पाणी उकळून रंगीत तालीम केली. रात्री भरला, सकाळी सहाला गरम पाण्यात उभा केला. अप्पांनी अर्धा कप प्यायल्यावर विचारलं, 'साखर कोणी घातली?' मीच घातली होती. कॉफीबद्दल अवाक्षर नाही, पण कप सरकवला नाही.

आता एकच राहिलं: स्क्रूवाला कॅन इंदुरात दुकानात कुठे मिळतो? ऑनलाइन मागवला तर निघायच्या आधी हातात पडेल की नाही, भरवसा नाही.